असं का? : भोक न पाडता छपरावर सौर पॅनेल

पत्र्याला एक भोक पडले की पहिल्याच पावसात ते कळते. मग कारखान्यांच्या, गोदामांच्या छपरांवर शेकडो सौर पॅनेल बसूनही छप्पर गळत नाही, ते कसे?

यातली बरीच छपरे ‘स्टँडिंग सीम’ पद्धतीची असतात. शेजारच्या दोन पत्र्यांच्या कडा वर उचलून एकमेकींत दुमडलेल्या असतात. वाळत घातलेला कपडा चिमटा धरतो, तशी ही उभी शिवण ॲल्युमिनियमचा क्लॅम्प दोन्ही बाजूंनी आवळतो. त्याच्या स्क्रूचे टोक गोलसर असते. पत्रा दबतो, फाटत नाही.

खरी करामत उन्हाची आहे. ३० मीटर लांबीचा पोलादी पत्रा ४० अंशांनी तापला की सुमारे १४ मिलिमीटर वाढतो. म्हणून तो घट्ट खिळवत नाहीत. शिवणीत दडलेल्या क्लिपांमुळे त्याला सरकायला वाव मिळतो. आरपार बोल्ट मारला तर ही हालचाल अडते आणि भोक रुंदावत जाते. क्लॅम्प मात्र पत्र्यासोबतच सरकतो.

वजनापेक्षा वारा अवघड. तो पॅनेल वर उचलू पाहतो, आणि तो ताण क्लॅम्प, शिवण, क्लिप अशा वाटेने सांगाड्यापर्यंत पोचतो. छपराच्या कडांपाशी हा ओढा सर्वाधिक, म्हणून तिथे क्लॅम्प जास्त लागतात. पॅनेल बसवून घेणार असाल, तर क्लॅम्प तुमच्या छपराच्या शिवणीवर तपासलेला आहे का, हे आधी विचारा.