दूध आमचं, खातं कुणाचं?

पहाटे उठून शेणघाण काढायची, वैरण टाकायची, पेंड भिजवायची, धारा काढायच्या आणि किटली डेअरीवर पोचती करायची. ही कामं कोण करतं, असं कुठल्याही गावात विचारून बघा. उत्तर एकच येईल, 'बाया करतात!' आता दुसरा प्रश्न विचारा. दहा दिवसांनी येणारा दुधाचा पगार कुणाच्या खात्यावर जमा होतो? इथं मात्र उत्तर बदलतं. नवऱ्याच्या, सासऱ्यांच्या, नाहीतर थोरल्या दिरांच्या.

'घरातच तर येतात पैसे, नाव कुणाचं का असेना,' असं आपण म्हणतो. पण मैत्रिणींनो, २०२४ मध्ये शासनाने दुधाला अनुदान दिलं तेव्हा हा नावाचा प्रश्न कितीतरी घरांत आडवा आला.

मुळात अनुदानाची वेळ का आली? आपल्याकडचं गाईचं बरंचसं दूध पिशवीतून शहरात जातं, पण उरलेल्या दुधाची पावडर आणि बटर होतं. बाजारात पावडर-बटरचे भाव पडले की डेअऱ्या पहिली कात्री लावतात ती शेतकऱ्याच्या दराला. २०२३ च्या जुलैमध्ये शासनाने गाईच्या दुधाला ३४ रुपये दर ठरवून दिला होता. कागदावर ३४ राहिले आणि हिवाळ्यापर्यंत प्रत्यक्षात भाव २७ च्या आसपास, कुठे कुठे त्याच्याही खाली आला. पेंडीचं पोतं मात्र स्वस्त झालं नाही. रोज २० लिटर दूध घालणाऱ्या घराला लिटरमागे ७ रुपये कमी मिळाले, तर दिवसाला १४० आणि महिन्याला ४,२०० रुपयांचा खड्डा पडतो. पोरांची फी, किराणा, दवाखाना हे सगळं त्या खड्ड्यात जातं.

म्हणून ११ जानेवारी २०२४ पासून लिटरला ५ रुपये अनुदान सुरू झालं. आधी महिनाभर, मग मुदत वाढवून १० मार्चपर्यंत. अट अशी, की ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या दुधाला डेअरीने किमान २७ रुपये द्यायचे आणि वरचे ५ रुपये शासन थेट शेतकऱ्याच्या बँक खात्यावर टाकणार. मार्चनंतर अनुदान थांबलं. उन्हाळा तसाच गेला. पुन्हा आंदोलनं झाली, नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोतूळला तर शेतकरी महिनाभर धरण्यावर बसले. १ जुलैपासून डेअरीचे ३० आणि शासनाचे ५ असे ३५ रुपये ठरले. ऑक्टोबरपासून डेअरीचे २८ आणि शासनाचे ७ झाले. बेरीज तीच, डेअरीचा वाटा तेवढा कमी झाला!

एक गोष्ट मात्र चांगली झाली. २०१८ च्या दूध आंदोलनानंतर जे ५ रुपये जाहीर झाले, ते दूध संस्थांच्या हातात जात होते. या वेळी पैसे थेट खात्यावर आले. पण खात्यावर यायचे तर तीन धागे जुळायला हवेत. डेअरीच्या रजिस्टरमधलं नाव, आधारला जोडलेलं बँक खातं आणि गाईच्या कानातला १२ अंकी नंबरचा बिल्ला. यातला एक जरी निसटला तरी पैसे अडकले.

आमच्या भागातल्या एका बाईची गोष्ट सांगते. वय असेल पस्तीस-छत्तीस. नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. दोन संकरित गाई, रोजचं सरासरी १५ लिटर दूध. डेअरीत पावती अजून नवऱ्याच्याच नावाने फाटत होती. संकलन केंद्रावरचा मुलगा ओळखीचा, तो पगार रोख हातात द्यायचा, त्यामुळे कधी अडलं नाही. गाईंचे बिल्ले सासऱ्यांच्या नावावर नोंदलेले. आणि हिचं स्वतःचं खातं होतं, पण त्याला आधार जोडलेलं नव्हतं. म्हणजे दूध काढणारी एक, पावतीवर दुसरा, गाईवर तिसरा! अनुदानाच्या यादीत तिचं नाव येणार तरी कसं?

पहिल्या टप्प्याचे ६० दिवस असेच गेले. १५ लिटरच्या हिशेबाने ४,५०० रुपये. 'ताई, मी आळस केला असता तर वाटलं नसतं हो. एक दिवस धार चुकवली नाही,' असं ती म्हणाली तेव्हा मला बोलायला शब्द सुचेना.

मग गटातल्या आम्ही दोघी-तिघी तिच्याबरोबर फिरलो. पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन गाई तिच्या नावावर करून घेतल्या. सासरे आधी तयार नव्हते. 'गाई तिच्या नावावर केल्या आणि ती माहेरी निघून गेली तर?' असा त्यांचा प्रश्न. त्यांची भीतीही खोटी नव्हती, मुलगा गमावलेला माणूस! सासूबाईंनीच तोड काढली. 'जायची असती तर केव्हाच गेली असती. तीन वर्षं गोठा कोण झाडतंय?' एवढंच त्या म्हणाल्या. विषय संपला. बँकेत दोन खेपा झाल्या, डेअरीत अर्ज दिला. जुलै ते सप्टेंबरचं अनुदान तिच्या यादीत लागलं, ६,९०० रुपये. उशिरा आलं, पण तिच्या खात्यावर आलं. त्यातून तिने गोठ्यावरचे फुटके पत्रे बदलले.

आता थोडं कडू बोलते. अनुदान म्हणजे तापावरची गोळी आहे. ताप का येतो, ते त्याने जात नाही. उसाला कायद्याने एफआरपी आहे, दुधाला तसा आधार नाही. दर पडला की आंदोलन, आंदोलन झालं की अनुदान, मुदत संपली की पुन्हा वाट बघा. म्हशीचं दूध आणि घरोघर रतीब घालणाऱ्या बाया तर या योजनेत नव्हत्याच. शेजारच्या कर्नाटकात २००८ पासून सहकारी संस्थांना दूध घालणाऱ्यांना लिटरमागे प्रोत्साहन रक्कम सुरू झाली. तिथे ते आंदोलनाच्या मुहूर्तावर ठरत नाही. आपल्याकडे असं का होऊ नये, हा प्रश्न ग्रामसभेत आपणही विचारायला हवा.

शिवाय मदत फक्त लिटरमागच्या पाच-सात रुपयांतच नसते. किसान क्रेडिट कार्ड २०१८-१९ पासून दुग्धव्यवसायालाही लागू झालं. त्यासाठी सातबारा नावावर हवाच असं नाही. भाड्याचा गोठा असणारी बाई किंवा आपला बचत गटसुद्धा अर्ज करू शकतो. जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती आणि जोडधंद्याच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. २०२४ मध्ये केंद्राने जनावरांच्या विम्यात शेतकऱ्याचा हप्त्यातला वाटा १५ टक्क्यांवर आणला. लम्पीच्या साथीत, २०२२ साली, दगावलेल्या दुभत्या गाईमागे राज्याने ३० हजार रुपये दिले. पण संकरित गाय तेवढ्यात येते का? म्हणून विमा हवाच. आणि जनावर आजारी पडलं तर १९६२ हा टोल फ्री नंबर भिंतीवर खडूने लिहून ठेवा.

तर मैत्रिणींनो, पुढची योजना येईल तेव्हा येईल, त्याआधी एवढं करून ठेवा :

* डेअरीचं पुस्तक काढून बघा. पावती कुणाच्या नावाने फाटते? जी दूध घालते तिच्या नावाने व्हायला हवी.
* पगार रोख न घेता बँकेत घ्या. त्या नोंदीच उद्या कर्जाला उपयोगी पडतात.
* आपल्या खात्याला आधार जोडलंय का, ते बँकेत विचारा. मोबाईल नंबरही आपलाच द्या.
* प्रत्येक जनावराच्या कानात बिल्ला आहे ना आणि तो कुणाच्या नावावर आहे, हे दवाखान्यात तपासा. बिल्ला पडला तर लगेच कळवा, नाहीतर विम्याचा दावाही अडतो.
* फॅट-एसएनएफची पावती रोज वाचा. पॉइंट कमी लागला की दर कापला जातो, तेव्हा कापला किती ते कळायला हवं.

हे सगळं घरात भांडून करायचं असं मी मुळीच म्हणत नाही. संध्याकाळी धारा झाल्या की शांतपणे विषय काढा. 'नाव लावून काय मिळणार तुला?' असं कुणी विचारलंच, तर पासबुक पुढे ठेवा. पाच रुपये लिटरला मिळालेले नाहीत, ते का मिळाले नाहीत, एवढं त्यातच लिहिलेलं असतं. गाय कुणाच्या हाताला पान्हा सोडते, हे तर सगळ्या घराला ठाऊक आहे. कागदालाही ते ठाऊक असू द्या!