सायकलची जडणघडण : लेखांक पाचवा – अगंज पोलाद

गेल्या लेखांकात ॲल्युमिनियमचा विचार झाला. आता अगंज पोलादाकडे, म्हणजे स्टेनलेस स्टीलकडे, वळण्यापूर्वी एका शब्दाचा घोटाळा निस्तरणे प्राप्त आहे. आपल्या घरी 'स्टील' म्हटले की मांडणीवरची चकचकीत ताटे-वाट्या डोळ्यांपुढे येतात. परंतु गुलमंडीवरचा दुकानदार 'ही फ्रेम स्टीलची आहे' असे सांगतो तेव्हा त्याच्या मनात साधे कार्बनी पोलाद असते, ज्याचे गंजापासून रक्षण केवळ रंगाचा थर करतो. आणि तो थर जेथे पोचत नाही तेथेच, म्हणजे नळ्यांच्या पोटात, खरा धोका दबा धरून असतो.

गेल्या आषाढात पैठण गेटाजवळच्या एका दुकानात अशी एक फ्रेम मी पाहिली. वरचा हिरवा रंग शाबूत होता. पण कारागिराने सीटची दांडी उपसून फ्रेम उपडी करताच पायडलच्या एक्सलपाशी साचलेले तांबूस पाणी चहाच्या चोथ्यासारखा गंज घेऊन फरशीवर ओघळले, आणि त्याने पान्याने नळी ठोकली तेव्हा खणखणीत नादाऐवजी बद्द आवाज आला. कोकणाच्या मानाने आपल्या शहरात पाऊस थोडा; तरी सीटच्या फटीतून झिरपलेल्या पाण्याला बाहेर पडावयास वाटच नसल्यामुळे तेवढाही पुरतो.

दौलताबादची मेंढा तोफ शतकानुशतके उघड्यावर असून लोखंडासारखी गंजली नाही, याचे कारण ती पंचधातूची आहे. अगंज पोलादाचे नवल असे की त्यात सत्तर टक्क्यांच्या आसपास लोखंडच असते! इंग्लंडातील शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्ली यांना १९१३ साली हा धातू गवसला तोही बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून चाललेल्या शोधात. पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून अधिक क्रोमियम असले, की हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर त्याच्या ऑक्साइडचा काही नॅनोमीटर जाडीचा पापुद्रा बसतो, आणि ओरखडा पडला तरी तो आपला आपण भरून निघतो. रंगाला जे साधत नाही ते याला साधते, आणि तेही नळीच्या आतल्या अंगाला. माझ्या मते या धातूची खरी थोरवी हीच.

मात्र ताटाचे पोलाद ते फ्रेमचे पोलाद असे समजणे चुकीचे ठरेल. अठरा टक्के क्रोमियम व आठ टक्के निकेल असलेली ३०४ ही परिचित जात मऊ अवस्थेत सुमारे २०५ मेगापास्कल ताणाशीच कायमची वाकू लागते, म्हणून तिची नळी जाड ठेवावी लागते आणि वजन वाढते. उलट रेनॉल्ड्स या सायकलच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीच्या ९५३ या जातीची तुटण्यापूर्वीची ताकद १७५० मेगापास्कलच्याही पुढे जाते, आणि त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ भिंतीची नळी वापरता येते. तथापि ताठपणा हा ताकदीहून निराळा गुण आहे. सर्व पोलादांचा ताठपणा जवळजवळ सारखाच, सुमारे २०० गिगापास्कल. तेव्हा भिंत पातळ केली की नळीचा व्यास वाढवूनच तो राखावा लागतो.

किमतीच्या बाबतीत हे पोलाद साध्याहून बरेच महाग पडते, हे कबूल केले पाहिजे. दोन-तीन वर्षांनी सायकल बदलणाऱ्याने हा खर्च करू नये. पण जो एकच सायकल तीस वर्षे वापरून पुढच्या पिढीच्या हाती देऊ इच्छितो, त्याच्या जमाखर्चात तो निश्चित बसतो.

खरेदीच्या वेळी लोहचुंबक चिकटत नाही ना, हे लावून पाहण्याचा शिरस्ता आहे, परंतु त्यावर विसंबू नये. कारण कमी निकेलाच्या, मँगनीज घातलेल्या स्वस्त जातींनाही चुंबक चिकटत नाही. त्यापेक्षा सांधे पाहावेत. वेल्डिंगच्या उष्णतेने, विशेषतः कार्बन अधिक असल्यास, सांध्यालगतचे क्रोमियम कार्बनशी जखडले जाते आणि तेवढ्या पट्ट्यापुरते पोलाद गंजास वश होते. म्हणून जाणते कारागीर कमी कार्बनाची ३०४ एल ही जात घेतात, आणि सांध्याशेजारी उमटलेली निळसर-तपकिरी झाक आम्लाने धुऊन काढतात. ती झाक तशीच राहिलेली दिसली, तर फ्रेम कितीही चकाकत असली तरी ती घेऊ नये.