मोटार का जळते? हिशेब मांडून पाहा

रब्बीत हरभऱ्याला पाणी सुरू झाले की अर्धापूर असो की रेणापूर, रिवाइंडिंगच्या दुकानापुढे मोटारींची रांग लागते. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना राज्य शासनाने वीज मोफत केली. पण रिवाइंडिंग काही मोफत होत नाही, अन् पीकही थांबत नाही. म्हणून नशिबाला बोल लावण्याआधी थोडा हिशेब करू.

टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज, पाइपातून वाहणारे पाणी म्हणजे करंट आणि पाइपाचा अरुंदपणा म्हणजे रोध असे समजा. जर्मनीच्या ओहमने १८२७ साली याचा नियम मांडला. व्होल्टला अँपिअरने भागले की रोध ओहममध्ये मिळतो. शेगडीसारख्या साध्या उपकरणात व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात.

घरातली १००० वॅटची शेगडी घ्या. २३० व्होल्टला ती ४.३५ अँपिअर घेते, म्हणजे रोध सुमारे ५३ ओहम. व्होल्टेज १८० वर आले की करंट ३.४ अँपिअर आणि शक्ती जेमतेम ६१० वॅट. शेगडी मंदावते, पण जळत नाही.

मोटारीचे मात्र उलटे आहे. विहिरीची खोली कमी होत नाही, पाणी तर वर चढवायचेच. ५ एचपी म्हणजे ५ गुणिले ७४६, अर्थात ३७३० वॅट. आतली गळती धरून मोटार साधारण ४६६० वॅट ओढते. थ्री फेजमध्ये या वॅटला १.७३२, व्होल्ट आणि पॉवर फॅक्टर (०.८ धरा) यांच्या गुणाकाराने भागायचे. ४१५ व्होल्टला उत्तर येते ८.१ अँपिअर, ३२० व्होल्टला साडेदहा. कॉइलमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. करंट १.३ पट झाला की उष्णता जवळजवळ १.७ पट! मोटार जळते ती अशी.

आता डीपीकडे बघा. ६३ केव्हीएची डीपी सुमारे ८४ अँपिअर देते, म्हणजे ५ एचपीच्या दहा मोटारी. तिच्यावर पंधरा चालल्या तर व्होल्टेज पडणारच. त्यात सगळ्यांचे ऑटो स्विच चालू असले की लाईट येताच सर्व मोटारी एकदम उठतात. सुरू होताना मोटार पाच-सहा पट करंट ओढते. मग फ्यूज उडाला तर दोष कोणाचा?

वायरही तपासा. ४ चौरस मिलिमीटर ॲल्युमिनियम वायरीचा रोध किलोमीटरला सुमारे ७.४ ओहम असतो. २७० मीटरला २ ओहम झाले. ८ अँपिअरला एका वायरीत ८ गुणिले ८ गुणिले २, म्हणजे १२८ वॅट जातात. तीन वायरींत ३८४. अर्धा एचपी नुसता वायर तापवण्यात गेला!

तेव्हा वायरमनकडून टाँग टेस्टरने तिन्ही फेजचा करंट मोजून घ्या. स्वतः पेटी उघडू नका. मोटारीच्या पाटीवरच्या अँपिअरपेक्षा आकडा जास्त आला तर मोटार बंद ठेवा. ओव्हरलोड रिले पाटीप्रमाणेच लावा. ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा.

सरपंच-ग्रामसेवकांनीही गावच्या पाणीपुरवठ्याच्या मोटारीचा असाच हिशेब ठेवावा. महावितरणला अर्ज देताना “व्होल्टेज कमी येते” एवढेच लिहू नका. कोणत्या डीपीवर किती मोटारी, किती वाजता किती व्होल्ट, किती अँपिअर, ते आठ दिवसांचे लिहून द्या. तोंडी तक्रार विसरली जाते, आकडा मात्र कागदावर राहतो.