विधान भवनात बिल्डरची बाजू पोहोचते, बिगाऱ्याची कधी?

सकाळी साडेसातला कोणत्याही शहरातल्या मजूर नाक्यावर जाऊन उभे राहावे. गवंडी, बिगारी, सेंटरिंगवाले, पाटी उचलणाऱ्या बाया डब्याच्या पिशव्या घेऊन ताटकळत असतात. मुकादम येतो, बोटाने माणसे मोजतो आणि टेम्पोत भरून नेतो. दहा वाजेपर्यंत ज्यांना काम मिळाले नाही, ते आल्या वाटेने घरी परततात. यांत आपली माणसे किती, हे वाचकांना सांगायला नको. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी आम्ही या मंडळींचे अर्ज भरून देतो. त्या कामात जे दिसले, तेच येथे मांडत आहोत.

आमच्या वस्तीतील एका ताईंनी वीस वर्षे पाटी उचलली. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कामे बंद पडली. तेव्हा राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाने नोंदीत कामगारांच्या खात्यात २,००० रुपये जमा केले. शेजारच्या गवंड्याला ते मिळाले, ताईंना मिळाले नाहीत, कारण त्यांची नोंदणीच नव्हती. नोंदणीसाठी मागच्या बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. ठेकेदार म्हणाला, "तू माझ्याकडे होतीस याला पुरावा काय?" त्याच ठेकेदाराच्या तीन इमारतींचे स्लॅब ताईंच्या डोक्यावरून वर गेले होते.

ताईंनी आम्हाला विचारले, "भाऊ, कायदा आहे म्हणता, मग तो आमच्यापर्यंत का येत नाही?" या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला विधान भवनापर्यंत जावे लागले.

कायदा कोण मागतो?

कायदा आपोआप होत नाही, तो मागावा लागतो. बांधकाम व्यवसायाने हे फार पूर्वी ओळखले. ठेकेदारांची बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना १९४१ पासून आहे. मुंबईतल्या बिल्डरांची संघटना १९८२ साली निघाली, तर क्रेडाई ही देशपातळीवरची संघटना १९९९ साली. या संघटनांची कार्यालये आहेत, पगारी माणसे आहेत, वकील आहेत. अधिवेशनाची तारीख लागण्याआधी त्यांचे निवेदन मंत्र्यांच्या टेबलावर असते. अधिसूचनेवर हरकती मागवल्या की मुदतीत त्यांचा कागद दाखल होतो.

यात बेकायदा काही नाही. आपले म्हणणे सरकारपुढे मांडण्याचा हक्क लोकशाहीत बिल्डरलाही आहे. शिवाय बांधकाम थांबले तर बिगाऱ्याचीही चूल थांबते, हे आम्ही विसरत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की काट्याच्या एकाच पारड्यात वजन पडत राहिले तर काटा झुकणारच.

२०२० सालचे उदाहरण घ्या. घरांची विक्री थांबली, म्हणून मुद्रांक शुल्क कमी करावे अशी बिल्डर संघटनांची मागणी होती. १ सप्टेंबर २०२० पासून वर्षअखेरपर्यंत राज्याने ३ टक्के सूट दिली आणि पुढील तीन महिने २ टक्के. जानेवारी २०२१ मध्ये बांधकामावरील अधिमूल्यात ३१ डिसेंबर २०२१ पर्यंत ५० टक्के सवलत मिळाली. सवलत घेणाऱ्या बिल्डरने ग्राहकाचे मुद्रांक शुल्क भरावे, अशी अट त्यात होती. चूक की बरोबर हा वाद बाजूला ठेवू. मागणी आणि निर्णय यांत किती काळ गेला तेवढे पाहा. काही महिने!

आमच्या कायद्याला किती वर्षे लागली?

आता दुसरे पारडे. बांधकाम मजुरांसाठी केंद्रीय कायदा हवा म्हणून १९८५ साली राष्ट्रीय मोहीम समिती उभी राहिली. निवृत्त न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर तिचे अध्यक्ष होते. मजुरांच्या सह्या गोळा करून संसदेकडे विनंती अर्ज गेला. दहा वर्षांच्या खटपटीनंतर आधी अध्यादेश आणि मग १९९६ साली दोन कायदे झाले. एक कामगारांच्या नोकरीचे नियमन, सुरक्षितता आणि कल्याण यांसाठी, दुसरा उपकरासाठी.

दिल्लीत कायदा झाला तरी नियम आणि मंडळ राज्याने करायचे होते. महाराष्ट्राचे नियम झाले २००७ साली, म्हणजे अकरा वर्षांनी. त्याच २००७ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा रद्द करण्याचा ठराव आपल्या विधिमंडळाने केला. बांधकाम व्यवसायाची ती जुनी मागणी होती.

आम्ही वाणिज्य शाखेचे, म्हणून हिशेबही मांडतो. उपकर बांधकाम खर्चाच्या १ टक्का आहे आणि जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. पाच कोटींच्या बांधकामावर पाच लाख रुपये होतात. बिल्डरला हा आकडा जड नाही. तरीही ठेकेदार कोर्टात गेले. उपकर हा कर नसून फी आहे, असा निकाल देऊन सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली तो वैध ठरवला.

पैसा जमला, पण वाटला गेला का? मोहीम समितीच्याच याचिकेवर १९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. देशभरात ३७,४०० कोटींहून अधिक उपकर जमा झाला होता आणि कामगारांसाठी खर्च झाला होता सुमारे ९,५०० कोटी. म्हणजे रुपयातले पंचवीस पैसे. उरलेला पाऊण रुपया तिजोरीत आणि ताई नाक्यावर!

नव्या संहितेत काय आहे?

हे दोन्ही कायदे आता २०२० च्या कामगार संहितांत विलीन झाले आहेत आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू आहेत. उपकराची तरतूद १ ते २ टक्के अशी कायम आहे. नोंदणीची १८ ते ६० वयाची आणि ९० दिवसांची अटही कायम आहे. पण पूर्वी स्वतःच्या राहत्या घराच्या १० लाखांपर्यंतच्या बांधकामाला उपकर माफ होता, ती मर्यादा ५० लाखांवर गेली. लहान घर बांधणाऱ्याला दिलासा मिळाला हे खरे, पण मंडळाचे उत्पन्न तेवढे घटणार. शिवाय उपकर किती बसतो हे मालकानेच स्वतः ठरवून भरायचे आहे. असे शब्द कायद्यात येतात तेव्हा जो जागा असतो, त्याचे भले होते.

आपल्याकडे वाट नाही असे नाही

१९६९ साली याच राज्याच्या विधिमंडळाने माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांच्या नेतृत्वाखाली पाठीवर ओझी वाहणाऱ्या माणसांनी तो मिळवला. त्याच्याही आधी, १० जानेवारी १९३८ रोजी खोतीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला होता. सभागृहात खोती नष्ट करण्याचे विधेयक बाबासाहेबांनी स्वतः आधीच मांडले होते. म्हणजे रस्त्यावर मोर्चा आणि सभागृहात मसुदा, ही दोन्ही कामे जोडीने झाली. आपण मोर्चा लक्षात ठेवला, मसुदा विसरलो. बिल्डरांच्या संघटना मोर्चे क्वचितच काढतात. त्यांचा मसुदा मात्र कधी चुकत नाही.

म्हणून आमच्या बांधवांना आणि विशेषतः शिकलेल्या तरुण-तरुणींना चार कामे सुचवतो.

१. नाक्यावरील प्रत्येकाकडे साधी वही असावी. तारीख, ठिकाण, मुकादम आणि मजुरी रोज लिहावी. दाखला मागताना ती उपयोगी पडते.

२. ठेकेदार दाखला देत नसेल तर गप्प बसू नये. गावात ग्रामसेवकाकडे आणि शहरात पालिकेकडे अर्ज करावा आणि पोच घ्यावी.

३. आपल्या जिल्ह्यात उपकर किती जमला आणि किती वाटला, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. ते आकडे आमदारांना देऊन तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना मांडायला लावावी. विधिमंडळाची विनंती अर्ज समितीही आहे, तिच्याकडे आमदारांमार्फत जाता येते.

४. नियमांचा मसुदा राजपत्रात आला की मुदतीत हरकत नोंदवावी. कागद एका पानाचा चालेल, पण तो मुदतीत पोहोचला पाहिजे.

ताईंचे पुढे काय झाले, असे वाचक विचारतील. पालिकेच्या कार्यालयात चार हेलपाटे झाले, पाचव्या वेळी दाखला मिळाला आणि नोंदणी झाली. २०२१ च्या निर्बंधांच्या काळात मंडळाने १,५०० रुपये दिले, ते ताईंच्या खात्यात आले. वीस वर्षांच्या कष्टापुढे ही रक्कम काहीच नाही. पण पासबुक दाखवायला त्या आमच्या दारी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, आता नाक्यावरच्या बाकीच्या बायांचे भरा." त्या रविवारी अकरा अर्ज भरले.