आहारतज्ज्ञ नेमकं काय करते?

अ‍ॅनोरेक्सिया किंवा बुलिमिया या खाण्याच्या विकारांतून घरी राहून सावरणाऱ्या रुग्णाच्या खाण्याच्या वेळा आधी बांधल्या जातात: ३ जेवणं, २-३ वेळा मधलं खाणं, आणि मध्ये ३-४ तासांहून जास्त खंड नाही. भूक लागायची वाट पाहायची नाही; उपासमारीनं ती जाणीवच बिघडलेली असते. वजन नियमित केलं जातं, पण बरेचदा काट्याकडे पाठ करून, आकडा न सांगता. भातावरचं तूप, श्रीखंड, वडापाव अशा धास्तीच्या पदार्थांची सोप्याकडून अवघडाकडे यादी होते. पहिला घास कधी आहारतज्ज्ञाच्या खोलीतच, तिच्यासमोर. फार खंगलेल्याचं खाणं एकदम वाढवलं, तर रक्तातलं फॉस्फेट घसरून हृदयाला धोका होऊ शकतो. म्हणून फिजिशियन आणि रक्ततपासण्या हव्यातच, मानसोपचारही.

आपल्याकडचा खास पेच उपवासाचा. संकष्टी, एकादशी, नवरात्राआड हा आजार सहज लपतो. बरं होईपर्यंत उपवास बंद, हे आजीला पटवणं डाएट चार्टपेक्षा अवघड! आणि घरच्यांनी ‘तब्येत सुधारली हं’ असं कौतुकानंही म्हणू नये. रुग्णाला त्यात ‘जाड झालीस’ एवढंच ऐकू येतं.

मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस ही सरकारी मोफत हेल्पलाइन: १४४१६.