तोफा घाट चढतात तेव्हा

ओवे-पनवेलच्या बाजूने पुण्यास जावयाचे म्हणजे सह्याद्री चढणे आलेच. आज मोटार भुर्रकन वर जाते. पण इ. स. १७७८ च्या हिवाळ्यात याच वाटेने इंग्रजांनी तोफा ओढल्या, त्याची ही हकीकत.

राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवावयाचे म्हणून मुंबईकर इंग्रजांची सुमारे ३,९०० माणसांची फौज नोव्हेंबरात पनवेलकडे निघाली. हंगाम हिवाळ्याचाच का? तर कोकणात पावसाळ्यात तोफेचा गाडा तुंब्यापर्यंत चिखलात रुतायचा. भात कापून झाले, शेते वाळली, ओढ्यांचे पाणी उतरले, की मग चाक चालते.

पुढे बोरघाट. खंडाळा समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० फूट उंच, आणि गाडीरस्ता तेव्हा नव्हताच. तो १८३० साली खुला झाला. वाट फोडायची, बैल जुंपायचे, माणसांनी दोर ओढायचे, आणि दम घ्यायला थांबले की चाकाला उटी लावायची. उटी सुटली तर तोफ, बैल, माणसे सारीच दरीत!

तरीही तोफा वर गेल्या. मग अडले कुठे? पोटापाशी. या फौजेबरोबर १९,००० बैल होते. हिशेबापुरती एका बैलाला रोजची पाच शेर वैरण धरा. ती २,३७५ मण होते! ही वैरण वाटेत मिळाली नाही, तर वाहून न्यावी लागते, आणि वाहायला आणखी बैल लागतात. खंडाळ्यापुढे आठ मैल जावयास या फौजेला अकरा दिवस लागले.

मराठ्यांनी नेमके हेच हेरले. महादजी शिंदे आणि नाना फडणीस यांनी समोरासमोर झुंजण्याची घाई केली नाही. बाजूने छापे घातले, पुढचा दाणागोटा आणि चारा नाहीसा केला. ९ जानेवारी १७७९ रोजी इंग्रज तळेगावी पोचले, तर गाव जाळून रिकामे केलेले. पुणे अवघे १८ मैल. पण पुढे खायचे काय? ११ जानेवारीच्या रात्री जड तोफा तिथल्या तळ्यात लोटून, सामान जाळून फौज मागे फिरली. वडगावी तिला कोंडीत धरले, आणि १६ जानेवारीस तह करणे भाग पडले.

याच सुमारास अमेरिकेत वॉशिंग्टनचे स्वातंत्र्ययुद्ध चालू होते, तेही इंग्रजांशीच. तिथे १७७५-७६ च्या हिवाळ्यात हेन्री नॉक्स याने टिकाँडरोगा किल्ल्यावरून सुमारे ६० टन तोफा जवळजवळ ३०० मैल ओढून बोस्टनजवळ आणल्या. त्याला कोरडी वाट नको होती. घसरगाड्या चालायला बर्फ हवे होते. नदीवर बर्फ पातळ निघाले, तेव्हा तोफ पाण्यात गेली. ती लोकांच्या मदतीने बाहेर काढली. टेकडीवर तोफा दिसताच मार्च १७७६ मध्ये इंग्रजांनी बोस्टन सोडले.

तोफ तिथेही जड आणि इथेही जडच. पण नॉक्सची वाट आपल्या माणसांच्या मुलखातून होती. तिथे बैल, घोडे, दोर मागितल्यावर मिळत. एगर्टन आणि कॉकबर्न या इंग्रज सेनापतींना मावळात मूठभर कडबाही कोणी दिला नाही. तेव्हा, मंडळी, वडगावचा विजयस्तंभ पाहाल, तेव्हा तलवारीबरोबर त्या न मिळालेल्या कडब्याचीही आठवण ठेवा.