परिचारिका व गंभीर आजारी रुग्ण यांच्यातील ऑनलाइन लेखी संवाद

परिचारिका व गंभीर आजारी रुग्ण यांच्यातील ऑनलाइन लेखी संवाद म्हणजे कर्करोग, मूत्रपिंड निकामी होणे यांसारख्या दीर्घ व जीवघेण्या आजारांत रुग्णाने किंवा त्याच्या नातेवाइकाने मोबाइल संदेश, ई-मेल अथवा रुग्णालयाच्या संगणक प्रणालीद्वारे परिचारिकेला आपली स्थिती लिहून कळवणे आणि तिने त्यास लेखी उत्तर देणे होय. हा दूरपरिचर्येचा एक प्रकार आहे. दूरध्वनीवरील बोलण्याहून तो दोन बाबतींत वेगळा ठरतो: लिहिलेले मागे राहते, आणि लिहिणारा व वाचणारा यांनी एकाच वेळी हजर असणे आवश्यक नसते. त्याचे गुण व धोके बहुतांशी याच दोन गोष्टींतून निर्माण होतात.

ग्रामीण महाराष्ट्रातील संदर्भ

अहिल्यानगर जिल्ह्यातील कोपरगाव हे गोदावरीकाठचे तालुक्याचे ठिकाण मुंबईपासून सुमारे अडीचशे किलोमीटर अंतरावर आहे. लोणी येथील प्रवरा ग्रामीण रुग्णालय व शिर्डीतील रुग्णालये जवळ असली, तरी परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी उपचार घेणाऱ्या रुग्णाला दोन केमोथेरपींमधील आठवडे घरीच काढावे लागतात. उलट्या, तोंडातील फोड, बद्धकोष्ठता व ताप हे त्रास मुख्यतः याच काळात उद्भवतात. ते सहन करण्याजोगे आहेत की गाडी करून निघावे, हा प्रश्न घरच्यांपुढे उभा राहतो आणि तो विचारण्यासाठी सर्वांत जवळची व्यक्ती बहुधा परिचारिका असते.

शासकीय व्यवस्थेत २०१९ मध्ये सुरू झालेल्या ई-संजीवनी सेवेद्वारे उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाची माहिती प्रणालीत नोंदवून त्याला दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतात. या अधिकाऱ्यांत परिचर्या शाखेचे पदवीधरही असतात. येथे लिहिणारा रुग्ण नसून आरोग्य कर्मचारी असतो, हा महत्त्वाचा फरक आहे.

लक्षणांची भाषा

वेदना मोजण्यासाठी शून्य ते दहा ही मापनश्रेणी सर्वत्र प्रचलित आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेली एडमंटन लक्षण मूल्यांकन पद्धतीही तिच्याशी मिळतीजुळती आहे. खेड्यातील वयस्क रुग्ण मात्र दहापैकी सात असे क्वचितच सांगतो. रुपयात बारा आणे दुखते, किंवा गोळीने चार आणे फरक पडला, असे तो सहज सांगतो. हे मोजमाप कमी प्रतीचे मानण्याचे कारण नाही.

वेदनेच्या प्रकाराबाबत तर मराठी विशेष संपन्न आहे. ठणका, कळ, चमक, आग, मुंग्या हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आग होणे, मुंग्या येणे वा चमक निघणे ही मज्जातंतूच्या वेदनेची लक्षणे असू शकतात व तिची औषधे निराळी असतात. पोटात राहून राहून येणारी कळ आतड्यांच्या त्रासाकडे बोट दाखवते. नातेवाइकाने या सर्वांसाठी ‘खूप दुखतंय’ एवढेच लिहिले, तर उपयुक्त माहिती वाटेतच गळून पडते. यामुळे अनुभवी परिचारिका रुग्णाचे मूळ शब्द जसेच्या तसे लिहून पाठवण्यास सांगतात.

फोन बहुधा मुलाच्या किंवा सुनेच्या हाती असतो. ‘बाबांना आजाराचे नाव सांगू नका’ अशी विनंतीही त्याच संदेशमालेत येते. उत्तर कोणाला उद्देशून लिहावे, हा प्रश्न अशा वेळी केवळ शिष्टाचाराचा राहत नाही. रुग्णाला काय विचारायचे आहे, हे परिचारिकेला कळतच नाही.

परिणामांचे अभ्यास

न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्रात ७६६ रुग्णांवर झालेली चाचणी या विषयात प्रसिद्ध आहे. एका गटातील रुग्ण आपली लक्षणे संगणकावर नोंदवत. त्रास गंभीर झाल्यास किंवा वाढल्यास परिचारिकेला ई-मेलने सूचना जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या गटाचे मध्यक आयुर्मान ३१.२ महिने, तर नेहमीची सेवा घेणाऱ्यांचे २६.० महिने होते. पुढे अमेरिकेतील ५२ केंद्रांतील १,१९१ रुग्णांच्या चाचणीत जीवनमान व लक्षणनियंत्रण सुधारले, परंतु आयुर्मानात तसा फरक आढळला नाही. दोन्हींत नोंदीइतकेच महत्त्व ती वाचणाऱ्या परिचारिकेला होते.

नियम व मर्यादा

२५ मार्च २०२० रोजी जारी झालेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी संदेश, चॅट व ई-मेल यांना सल्ल्याची माध्यमे म्हणून मान्यता दिली. मात्र निदान व औषधयोजनेचा अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचाच आहे. परिचारिका सहाय्यक आरोग्य कर्मचारी म्हणून सहभागी होते. अमली पदार्थविषयक कायद्याखालील औषधे दूरसल्ल्याने लिहून देता येत नाहीत. तीव्र वेदनेवरील मॉर्फिन त्यांतच मोडते; त्यामुळे वेदना वाढल्याचे संदेशाने कळले, तरी मॉर्फिनच्या चिठ्ठीसाठी प्रत्यक्ष भेट टळत नाही.

सर्वांत मोठा धोका न वाचलेल्या संदेशाचा असतो. केमोथेरपीनंतर १००.४ अंश फॅरनहाइट वा अधिक ताप आल्यास पांढऱ्या पेशी घटलेल्या असण्याची शक्यता असते व काही तासांचा विलंबही जिवावर बेतू शकतो. अशा वेळी, तसेच श्वास लागणे, रक्तस्राव किंवा शुद्ध हरपणे या स्थितींत, उत्तराची वाट न पाहता रुग्णालय गाठावे किंवा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उत्तर कोणत्या वेळेत मिळेल व पाळी संपल्यावर संदेश कोण पाहील, हे रुग्णालयाने आधीच लिहून देणे अपेक्षित आहे.

प्रत्यक्षात पुष्कळसा संवाद परिचारिकेच्या स्वतःच्या मोबाइलवरील व्हॉट्सॲपवर होतो. तिची बदली झाली की तो तिच्याबरोबर जातो. केसपेपरवर त्यातले काही उतरलेले नसल्यास पुढच्या पाळीतील परिचारिकेला रुग्ण पुन्हा पहिल्यापासून सांगू लागतो.